क्वार्टर म्हणू नका, मामाजी

मामाजी, फाटकाच्या खांबावरचा तो दगड अजून कोराच आहे.

तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, मंडपवाला सतरंज्या घेऊन गेला, आणि काल सकाळी चहा पिता पिता तुमचे चिरंजीव म्हणाले, "आता तरी त्या दगडावर नाव टाकून घेऊ. बाबांच्या वेळेस लोक घर शोधून राहिले होते." त्यांचं खरं आहे. अर्धे लोक सुपेल्याच्या चौकातून फोनवर फोन करत पोचले. पण मला एकदम हसू फुटलं. इतके दिवस तोंडाला पदर लावून बसलेली बाई अशी हसायला लागली म्हटल्यावर हे घाबरलेच. "काय झालं वं तुले?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही. नाव काय टाकायचं ते तुमच्या बाबांशी अजून ठरायचं आहे."

म्हणून लिहायला बसले. लिहायला बसलं की शाळेतली मराठी येते, तुम्ही हसाल. चालवून घ्या. मधेच आपली बोली आली तर तीही.

या घरात आलो त्या दिवसापासून आपलं भांडण त्या दगडावरून. मी म्हणत होते, "त्यावर 'घर' लिहा. दोनच अक्षरं. मले बाकी काही नको." आणि तुम्ही, मामाजी, तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "क्वार्टर लिहू." अहो, क्वार्टर! जन्मभर कंपनीच्या क्वार्टरात राहिल्यावर एकदाचं स्वतःचं चार भिंतींचं काही झालं, आणि त्याच्यावर तुम्ही क्वार्टर लिहिणार! मी म्हणायचे, "मामाजी, क्वार्टर म्हणू नका. माझ्या अंगाची आग होते." तुम्ही शांतपणे, "बरं, नाही म्हणत," म्हणायचे आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत येताना रिक्षावाल्याला सांगायचे, "भैया, आगे से बायें, क्वार्टर तक छोड़ दो."

तुमाले कधी सांगितलं नाही, पण हा शब्द माझ्या लग्नाच्याही आधीपासून माझ्या राशीला लागलेला आहे. आमच्या तिरोड्याकडे स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ कौतुकानं म्हणाले, "पोराच्या बापाले भिलाईले क्वार्टर आहे, सेक्टर दोनमधी." आमच्या गावात क्वार्टर म्हणजे एकच, बाटलीतली. माझे काका माझ्या आईला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस तं चांगला दिसते, पण रोजचीच आहे म्हणते." आईनं देवापुढं दिवा लावला. लग्नात तुम्हाला पन्ह्याचे दोन पेले पिताना पाहिलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

तर असा तो शब्द. आणि तुम्ही तर त्याच्या मुळाशीच गेलेले. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलेला तो जाडा इंग्रजी कोश, पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली. ए अक्षराचे निम्मे शब्द तुम्हाला शेवटपर्यंत माहीत झाले नाहीत, पण बी पासून पुढं तुम्हाला अडवणारं कोणी नव्हतं. दिवसभर ऑफिसात कंपनीच्या इंग्रजीत टायपिंग करायचं आणि जेवणं झाली की त्याच इंग्रजीची नाडी धरून बसायचं. आत्याबाई म्हणायच्या, "बाकीच्यायचे नवरे पत्ते खेळतात, आमचे शब्द खेळतात. पत्ते परवडले असते."

मी नवी नवरी, कावून म्हणून तुम्हाला विचारलं देव जाणे, की क्वार्टर म्हणजे नेमकं काय. झालं! तुम्ही पाटावरून उठलात, हात धुतले आणि कोश घेऊन बसलात. मूळ लॅटिन. चौथा तो 'क्वार्टस'. त्यातून चौथा भाग, मग फ्रेंच लोकांच्या तोंडून फिरून इंग्रजीत आला. तुम्ही पोळीचे चार तुकडे केले, एक माझ्या ताटात टाकला आणि म्हणाले, "हे पाहा, हे क्वार्टर." घड्याळातला पाव तास, वर्षातले तीन महिने, अर्धा उजळलेला चंद्र, अमेरिकेतलं एक नाणं, सगळी त्याचीच पोरं. मग आकाशाचे चार भाग, म्हणजे चार दिशा. मग गावाचा एखादा भाग, आपल्या पेठेसारखा. मग गावाच्या त्या भागात शिपायांची राहायची जागा. आणि शिपायांच्या मागे मागे आपल्यासारखे बाबू. "म्हणजे आपण चौथाईत राहून राहिलो," तुम्ही म्हणाले. "आपले मराठे चौथाई वसूल करत होते, इंग्रजानं चौथाईत राहायले देल्लं."

आत्याबाई आतून ओरडल्या, "पोरीले जेवू द्या!" ती चतकोर पोळी तशीच थंडगार झाली होती.

मला ते सगळं आवडत होतं, हे आज सांगते. पण शब्द आवडणं वेगळं आणि त्यात राहणं वेगळं. खिळा ठोकायचा तर तुम्ही म्हणायचे, भिंत कंपनीची आहे, बेतानं. पुताई कंपनीच्या रंगाची. नळ गळला की मेंटेनन्सच्या ऑफिसात जाऊन कम्प्लेंट लिहायची, मग कधीतरी माणूस यायचा. दारावर आपल्या आडनावाच्या आधी नंबर. माहेर भावाचं झालेलं, सासर कंपनीचं. मागच्या आंगणात मी फणसाचं रोप लावायला काढलं तेव्हा हात थांबला. मी म्हटलं, "याले फणस लागतीन तवरी आपण इथं राहू का?" तुम्ही म्हणाले, "जो राहीन तो खाईन. लाव." मी लावलं, पण मनातून नाही लावलं.

आणि मग रिटायरमेंट आली आणि क्वार्टर खाली करायचा कागद आला. त्या कागदावर तुमचं नाव बारीक अक्षरात होतं आणि क्वार्टरचा नंबर ठळक. मी तो कागद वाचला आणि माझा असा संताप झाला! म्हटलं, माणसापेक्षा नंबर मोठा? तुम्ही मात्र घडी करून खिशात ठेवला. जायच्या दिवशी तुम्ही स्वतः सगळं क्वार्टर झाडून काढलं. ओट्यावर भरलेला माठ आणि मिठाची पुडी ठेवली. आपल्याकडची रीत, पुढच्या माणसाला रिकामं घर देऊ नये. त्या माठावर झाकण म्हणून तुम्ही आपल्या वापरातली ताटली ठेवली, ती मला परत हवी होती, आणि त्यावरून रिक्षात बसेपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. आता आठवलं की वाटतं, ताटलीवरूनच रुसले ते बरं झालं.

मग हे घर. आपलं. नकाशा तुम्हीच काढला. मी खुश होते, म्हटलं माणूस एवढ्या बारकाईनं करतोय तर करू द्या. मिस्त्री विटा रचत गेला, मी त्याला चहा देत गेले, आणि छत घातल्यावर आत उभी राहिले तर माझ्या लक्षात आलं. अरे बापा! तेच! समोरचा तोच व्हरांडा, तीच जाळी, डाव्या हाताला तीच लहान खोली. स्वयंपाकघराची खिडकी तशीच भिंतीकडे तोंड करून. न्हाणीचं दार उघडलं की स्वयंपाकघराच्या दारावर आपटायचं, सेक्टर दोनमध्ये मी बावीस वेळा त्यावरून कोकलले होते, तेही जसंच्या तसं! सगळी जमीन आपली, चारी दिशा मोकळ्या, आणि तुम्ही सेक्टर दोनचं क्वार्टर उचलून इथं आणून ठेवलं. हे काम भिलाईच्या माणसाशिवाय कोणी करू शकत नाही. नंतर पाहिलं तर आपल्या गल्लीत तुमच्यासारखेच आणखी रिटायर लोक, आणि त्यांचीही न्हाणीची दारं तशीच आपटतात.

मी म्हणाले, "मामाजी, हे काय करून ठेवलं?" तर तुम्ही म्हणाले, "तूच तं स्विचबोर्ड तिथंच लाव म्हणून सांगितलं." खोटं नाही. अंधारात हात तिथंच जात होता.

पण मागच्या आंगणातली ती भिंत तरी! सेक्टर दोनमध्ये आपल्यात आणि पलीकडच्या तेलुगू काकूंमध्ये छातीएवढी भिंत होती, तिच्यावरून वाट्या इकडून तिकडे जायच्या. त्यांचं सांबार, आपली पातोडीची भाजी. इथं पलीकडे नुसता रिकामा प्लॉट, बाभळी आणि गाई. मिस्त्री वैतागून म्हणाला, "बाबूजी, उठाना है तो पूरी दीवार उठाओ, नहीं तो छोड़ दो. ये छाती तक की दीवार किस काम की?" तुम्ही म्हणाले, "कटोरी देने के काम की." तो माझ्याकडे पाहायला लागला. मी मान खाली घालून आत गेले.

आणि कम्प्लेंट! राहायला आल्यावर नळ गळायला लागला तर तुम्ही पायात चप्पल घातली, पेन खिशाला लावला आणि निघाले. "कुठं चालले जी?" "कम्प्लेंट लिहून येतो." फाटकापर्यंत गेल्यावर थांबले. तिथंच उभे राहिले जरा वेळ. मी म्हटलं, "मामाजी, आता कंपनी म्हणजे तुम्हीच." तुम्ही परत आलात, खुर्चीवर बसलात आणि मला म्हणाले, "ठीक आहे. मंदाबाई, तुमची कम्प्लेंट लिहून घेतली आहे. माणूस येईन." तो नळ महिनाभर गळत राहिला. अगदी कंपनीसारखा.

त्या दिवशी मी खूप हसले. पण रात्रीच्या भाज्या निवडताना पुन्हा तेच मनात आलं की या माणसाला घर मिळालं तरी तो क्वार्टरातच राहणार. आणि तो क्वार्टरात राहिला की मीही तिथंच. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा तुम्ही 'घरी जाऊ' म्हणावं. बस. एवढ्यासाठी मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले. एकदा तर तोंडावर विचारलं, "तुमाले घर म्हणायले काय होते?" तुम्ही हातातल्या पेपरची घडी केली. मग म्हणाले, "घर गावाकडं होतं. चार भावांत चार वाटे झाले. माझ्या वाट्याचं दार कोणतं, ते मलेच सापडत नव्हतं. तवापासून घर म्हटलं की मले वाटेच दिसतात." एवढंच बोलून तुम्ही पेपर उघडला. मी म्हटलं, "माझे कुठं वाटे झाले? मले तं अजून एकही भेटलं नाही." तुम्ही पान उलटलं आणि मीही पुढं रेटलं नाही. ते भांडण तिथंच राहिलं आहे.

आता जे कधी बोलले नाही ते बोलते.

माझी आई. बाबा गेल्यावर भावानं हात वर केले आणि मी तिला भिलाईला घेऊन आले, तुम्हाला विचारायचं धाडस न करता. ती क्वार्टरच्या पायरीशी पिशवी धरून उभी राहिली आणि आत पाऊलच टाकेना. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचं. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणारी बाई, लेकीच्या सासरी राहायला कशी येईल? मी रडकुंडीला आले होते. आत्याबाई दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या. तुम्ही ऑफिसातून आले, सायकल भिंतीला लावली, सगळं पाहिलं आणि म्हणाले,

"विहीणबाई, तुमाले कोणं सांगितलं का तुमी लेकीच्या घरी आल्या म्हणून? हे घर नोयच. हे क्वार्टर आहे. कंपनीचं. मीच इथं पाहुणा आहो. जेवढा हक मले, तेवढा तुमाले."

आई बघतच राहिली. म्हणाली, "खरंच कंपनीचं आहे?" तुम्ही दारावरच्या पत्र्याच्या नंबराकडे बोट दाखवलं. "वाचा. माझ्या बापाचं घर असतं तं नंबर कायले राहिला असता?"

आणि ती आत आली, मामाजी. पाणी प्यायली. डाव्या हाताच्या लहान खोलीत शेवटपर्यंत राहिली. कोणी आलं की मोठ्या दिमाखानं सांगायची, "मी लेकीकडं नाही राहत, मी क्वार्टरात राहतो." तेलुगू काकूंच्या वाट्या तीच भिंतीवरून घ्यायची. न तिला त्यांचं कळायचं न त्यांना तिचं, पण तासन्‌तास बोलायच्या.

त्या दिवशी जेवताना तुम्ही कोश काढला होता. मला म्हणाले, एक अर्थ मी तुले सांगितला नव्हता. लढाईत हरलेला माणूस दाती तृण धरून आला आणि समोरच्यानं त्याला न मारता जीवदान दिलं, तर इंग्रजीत म्हणतात त्यानं क्वार्टर दिलं. असं का म्हणतात याबद्दल विद्वानांचं एकमत नाही. एक जण म्हणते की शरण आलेल्याला मारायच्या ऐवजी राहायला जागा देत होते, म्हणून. "मले हे पटते," तुम्ही म्हणाले. मी आईच्या ताटात भात वाढत होते, तुमच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि आईला वाटलं असतं पोरीला जड झाले. म्हणून मी म्हटलं, "मामाजी, पोळी थंडी होऊन राहिली." तुमचे आभार मानायचे होते ते असे मानले. तुम्हाला कळलंच असेल म्हणा. तुम्ही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इतकं सगळं माहीत असून मी दगडावरून भांडायचं सोडलं नाही, ही माझी आपली खोडच. जित्याची खोड.

पण तुम्ही गेलात त्या दिवसाचं सांगते. चूल बंद. हे सगळे धावपळीत, मी मागच्या आंगणात बसलेली, नुसती बसलेली. बाभळीच्या प्लॉटवर आता घर झालं आहे, तुम्हाला माहीतच आहे, ती छत्तीसगढी दुर्गाबाई, जिच्याशी तुम्ही रोज हवापाण्यावर बोलायचे. भिंतीवरून तिचा हात आला. हातात डबा. भात, वरण, वरून लोणच्याची फोड. "ले दीदी, थोकिन खा ले." मला घास जाणार नव्हता. ती गेली नाही. छातीएवढ्या भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली, मी खाईपर्यंत. नंतरचे सगळे दिवस दोन्ही वेळा डबा त्या भिंतीवरून आला, एकदाही फाटकातून फिरून आला नाही. तुमच्या बहिणीनं विचारलं, "ही भिंत अशी अर्धी कावून ठेवली?" मी म्हटलं, "कटोरीसाठी." आणि मग जे रडू आलं ते तुमच्यासाठीचं पहिलं रडू होतं.

खाऊन झाल्यावर डबा घासून तिच्या हातात देताना माझ्या मनात आलं, इथं मी पाहुणीही आहे आणि मालकीणही, आणि दोन्हीत मला काही कमी वाटत नाही. घर म्हणून मी हेच मागत होते. तुम्ही ते कधीचं बांधून ठेवलं होतं, फक्त दुसऱ्या नावानं.

तर एवढं लिहून उठले आणि आज दुपारी सुपेल्याहून पाटीवाला बोलावला. तुमच्या चिरंजीवांनी सुचवलं, बाबांचं नाव आणि पुढं 'स्मृती'. तुमच्या बहिणीनं फोनवर 'छाया', 'आशीर्वाद' वगैरे सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा, हे भांडण माझं आणि मामाजींचं आहे. पाटीवाल्याला सांगितलं, "लिखो, क्वार्टर. मराठी में." यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी आता तेरवीनंतर खुळावलेच.

पाटीवाल्यानं खडूनं अक्षरं आखली. छान आखली हो, तुमच्या टायपिंगसारखी सरळ. मग त्याच्याखाली बोटभर जागा सोडून थांबला. म्हणाला, "भाभी, नंबर क्या डालूं?"

"नंबर नहीं है."

"बिना नंबर का क्वार्टर?" तो हसला. "मैं भिलाई में पैदा हुआ, ऐसा क्वार्टर तो नहीं देखा."

मी म्हटलं, "अब देख लो."

नंबर नाही, मामाजी. म्हणजे खाली करायचा कागद येईल तरी कोणत्या पत्त्यावर? आता बसा निवांत. तुमाले इथून कोणी जा म्हणणार नाही.